तारवाच्या तारखा

सावंत मॅडमचा फोन आला तेव्हा मी चिपळूणला घरी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. त्यांनी नाव सांगायच्या आधीच मला मागचा आवाज ओळखू आला. पंख्याचा. दर तिसऱ्या फेऱ्याला खट्ट करणारा छताचा जुना पंखा रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एकाच खोलीत होता. त्या खोलीत मी तीन वर्षांतले सगळे रविवार काढले होते.

"ओळखलंस का गं? वर्ग बंद करत्येय. महिनाअखेर जागा रिकामी करायची आहे. खिडकीजवळच्या कपाटात तुमच्या वह्या आहेत. मंगेशला विचारलं तर म्हणाला, आधी तिला विचारा. म्हणून तुला फोन केला."

मंगेशचं नाव दहा वर्षांनी कानावर पडलं. मी लाल पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी एसटीतून मारुती मंदिराला उतरले. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच तो वास आला. वर्गाच्या खाली बेकरी होती, अजून आहे. सकाळी दहाला तिथे खारीचा दुसरा घाणा निघतो. तूप, मैदा आणि कडेने जरा जास्त भाजलेल्या नानकटाईचा वास जिन्यातून वर चढतो आणि वर आल्यावर त्यात एक वेगळाच वास मिसळतो. मॅडमचा वर्ग मुळात टायपिंगचा. मग संगणक आले, पण दोन टायपरायटर त्यांनी कोपऱ्यात ठेवलेच. त्यांच्या फितीच्या शाईचा वास, तापलेल्या मॉनिटरचा वास आणि खालची खारी. माझ्या मनात अवकाशाला अजून हाच वास आहे.

हे ऐकून माझे विद्यार्थी हसतील. मी त्यांना भौतिकशास्त्र शिकवते, अवकाशात वास नसतो हे मलाही ठाऊक आहे. पण मी ते पहिल्यांदा पाहिलं ते या खोलीत, दहावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी.

वर्गातल्या आठ संगणकांपैकी एकातच चांगलं ग्राफिक्स कार्ड होतं. मॅडमच्या भाच्याने मुंबईहून आणून बसवलेलं. मॅडमनी त्या मशीनवर क्रोशाचं विणलेलं झाकण घातलं होतं. रविवारी सकाळी वर्गाला सुट्टी असायची, तेव्हा सगळे कीबोर्ड रंगाच्या ब्रशने झाडून दिले की त्या मशीनवर दोन तास बसायला मिळायचं. हा सौदा मंगेशने ठरवला होता. तो शाळेत माझ्याच वर्गातला. घर जयगडला, वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. शाळेसाठी तो रत्नागिरीत आत्याकडे राहायचा. ब्रश मारता मारता तो मला म्हणाला, "ये, तुला एक दाखवतो. पण ओरडू नको."

व्हिडिओ तीन मिनिटांचा होता, उतरायला अर्धा तास लागला. थोडं दिसायचं, थांबायचं, मध्यभागी ते गोल फिरत राहायचं. एक जहाज. काळोखात टेकलेलं. त्याचे दिवे एकेक करून लागले, खालून धूळ उठली आणि ते उचललं गेलं. इथे पुन्हा थांबलं. आम्ही दोघं उकिडवे बसून त्या अर्ध्या उचललेल्या जहाजाकडे दहा मिनिटं बघत राहिलो. खाली रस्त्यावर कुणीतरी राहिलेले फटाके उडवत होतं. मग ते हललं आणि ढगातून वर, निळ्यातून काळ्यात गेलं. खाली एक अख्खा ग्रह राहिला.

हा नुसता सिनेमा नव्हता, गेम होता. म्हणजे होणार होता. परदेशातल्या कुणी कंपनीने जाहीर केलं होतं की या गेममध्ये शेकडो ग्रह असतील, प्रत्येकावर उतरता येईल, जहाजातून उठून चालता येईल, खिडकीशी उभं राहता येईल. आणि जगभरातली माणसं एकाच आकाशात एका वेळी असतील. नाव लांबलचक इंग्रजी होतं. मंगेश त्याला 'तारू' म्हणाला. त्याचे आजोबा शिडाच्या जहाजावर होते, ते जहाजाला तारूच म्हणायचे. आम्हा सगळ्यांना तेच नाव बरं वाटलं.

"कधी येणार?" मी विचारलं.

"दोन वर्षांत. तसं लिहिलंय."

मी कागद घेतला. शेकडो ग्रह, प्रत्येक ग्रहावर डोंगर, माणसं, दारं. शाळेचा साधा प्रकल्प करायला आम्हाला चार महिने लागले होते. मी आकडेमोड करून म्हटलं, "दोन वर्षांत नाही व्हायचं."

मंगेशने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शंकासूर!"

आमच्याकडे शिमग्याच्या नमनाच्या खेळात काळे कपडे आणि उंच टोपी घालून संकासूर येतो, पोरांच्या मागे धावतो. मंगेशने त्यातल्या 'सं'चा शंकेतला 'शं' केला आणि ते नाव मला कायमचं चिकटलं.

मग रविवारांची एक रीतच पडली. चपला जिन्यात. कीबोर्ड झाडणं. मशीनवरचं क्रोशाचं झाकण घडी करून टेबलावर ठेवायचं, खुर्चीवर ठेवलं तर मॅडम रागवत. मग कंपनीने काही नवीन लिहिलंय का ते बघायचं. ते लोक दर महिन्याला एक पत्र लिहायचे. मंगेश त्याचं मराठी करायचा, अडलं की शब्दकोशात मी शोधायचे. 'गुरुत्वाकर्षण', 'कक्षा' हे सोपं होतं. जहाजाच्या भागांना मात्र शब्द मिळत नसत. तेव्हा तो शनिवारी जयगडला फोन करून वडिलांना विचारायचा. अवकाशयानाच्या पुढच्या टोकाला आमच्या वहीत 'नाळ' आणि मागच्या भागाला 'वरामा' म्हटलं गेलं, ते तांडेलकाकांमुळे.

अशी ती वही वाढत गेली. खलाशांसाठी माहिती. कुठल्या ग्रहावर काय मिळतं, कुठलं जहाज किती माल नेतं, इंजिन पेटलं तर काय करायचं. अजून न झालेल्या गेमची मराठी माहितीपुस्तिका. वर्गातली आणखी पाच-सहा मुलं यायला लागली. कोण कप्तान, कोण तोफेवरचा गोलंदाज यावर भांडणं झाली. मंगेशला लढायचं नव्हतं. त्याला मालवाहू तारू हवं होतं. "माल घेऊन जायचा, उतरवायचा, आणि येताना दुसऱ्या वाटेने यायचं," तो म्हणायचा. मी इंजिनवर. कप्तान होण्याइतका माझा विश्वास नव्हता.

शेवटच्या पानांवर मी रकाने आखले होते. कंपनीने दिलेली तारीख. मंगेशचा अंदाज. शंकासूरचा अंदाज. तारखा त्यांच्या महिन्यांत यायच्या, आम्ही त्या आमच्या हिशेबात उतरवायचो. 'आंब्याला मोहोर येईल तेव्हा.' 'गणपतीच्या आधी.' मोहोर यायचा, फळ धरायचं, रस्त्यावर पेट्यांतल्या पेंढ्याचा गरम वास पसरायचा आणि पत्र यायचं: थोडा आणखी वेळ लागेल, पण जे येईल ते तुम्ही कधीच पाहिलं नसेल असं असेल. पावसात खिडकीतून पाणी यायचं, मॅडम मशीनांवर मेणकापड घालायच्या आणि आम्ही त्या मेणकापडाच्या तंबूत डोकी घालून नवा व्हिडिओ बघायचो. पत्र्यावरच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. श्रावणात पत्र यायचं. गणपतीला सगळे आपापल्या गावी जायचे, दहा दिवसांनी मोदकांनी सुस्तावून परत आलो की पुन्हा पत्र. एक मुलगा कंटाळला, मग दुसरा. बारावीला पोचेपर्यंत आम्ही दोघंच उरलो.

मॅडम एकदा हसून म्हणाल्या होत्या, "तुमचं तारू आणि माझ्या मिस्टरांचं घराचं रंगकाम. दोन्ही पुढच्या वर्षी."

या काळात मंगेश जहाजं काढायला लागला होता. आधी पेन्सिलने, मग संगणकावर. व्हिडिओतल्या जहाजांत त्याला चुका दिसायच्या. "हा माल चढवणार कुठनं? दार बघ केवढं. पेटारा वाकडा करून न्यायचा काय?" तो स्वतःचं जहाज काढायचा, आतून, बाहेरून, फिरवून दाखवायचा. बघता बघता ते इतकं खरं व्हायला लागलं की मला त्याच्या रेलिंगला हात लावावासा वाटायचा. मी त्याला तसं कधी सांगितलं नाही. मी फक्त म्हणायचे, "त्यांना पाठवून काय उपयोग? गेमच येणार नाही."

बारावीची परीक्षा झाली त्या मे महिन्यात त्याने मला जयगडला बोलावलं. खाडीच्या तोंडाशी त्यांचं घर. समोर बोटी, पलीकडे मोठ्या बंदराच्या क्रेन. अंगणात जाळी पसरलेली, त्यांचा खारट, ओला वास, आणि चुलीवर सुक्या बोंबलांची चटणी. मंगेशला पुण्याला जाऊन संगणकावरच्या चित्रांचं शिक्षण घ्यायचं होतं. घरी ते अजून नीट पटलेलं नव्हतं. मी तिथे त्याच्या बाजूने बोलायला आले आहे असं तो धरून चालला होता. मला वाटतं, मीही तसंच धरून चालले होते.

जेवण झाल्यावर तांडेलकाका मला धक्क्यावर घेऊन गेले. उंच, काळेसावळे, दोराने कापून कापून घट्टे पडलेले हात. मंगेश मागे भांडी घासत होता. काका पाण्याकडे बघत म्हणाले, "बाय, तू हुशार हायस. मंग्या सांगतो, तू खोटं बोलत नायस. मला एक सांग. ह्यो जो गेम म्हणतो तो, ज्याच्यापायी ह्याला पुण्याला जायचंय. तो येनार हाय काय?"

मला प्रश्न दोन आहेत हे तेव्हा कळायला हवं होतं. गेम येणार का, हा एक. मुलाच्या हातात काही आहे का, हा दुसरा. काकांनी पहिला विचारला, कारण दुसरा कसा विचारायचा ते त्यांना माहीत नव्हतं. मी पहिल्याचं उत्तर दिलं. अठरा वर्षांची होते, आणि बरोबर असण्याचा मला फार अभिमान होता.

"नाही येणार, काका," मी म्हटलं. "मी सगळा हिशेब केलाय."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस."

पुण्याला जायचं राहिलं. मंगेश त्याच वर्षी बंदरावर कामाला लागला. मला ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. मी फोन केला, त्याने उचलला नाही. मग मी कोल्हापूरला शिकायला गेले, तिथून चिपळूणला नोकरीला. गेमच्या बातम्या मात्र मी वाचत राहिले. दर वर्षी तारीख पुढे जायची. दर वर्षी मी बरोबर ठरायचे आणि त्या बरोबर ठरण्याचा आनंद कुणाला सांगावा असं एकही माणूस माझ्याजवळ नव्हतं.

मॅडमनी कपाट उघडून दिलं. वह्या पाच निघाल्या. मला वाटलं होतं तीनच असतील.

मी रकान्यांचं पान काढलं. आमचं अक्षर, दहावीचं, अकरावीचं, बारावीचं. त्या मे महिन्यापाशी माझं अक्षर संपलं. पण पान संपलं नव्हतं. मंगेशच्या अक्षरात पुढची तारीख होती. मग त्यापुढची. चौथी वही पूर्ण भरली होती, पाचवी अर्धी. प्रत्येक ओळीत कंपनीने सांगितलेली तारीख, त्यापुढे त्याचा अंदाज. आणि तिसरा रकाना. त्याने तो प्रत्येक पानावर पट्टीने आखला होता, वर 'शंकासूर' असं लिहिलं होतं आणि खाली कोरा ठेवला होता. दहा वर्षांचा कोरा रकाना.

"येतो की अजून," मॅडम मागून म्हणाल्या. "आधी दर रविवारी यायचा. जयगडहून पहिल्या गाडीने. ह्या मशीनवर बसून बसून शिकला सगळं. मी विचारलं एकदा, त्या मुलीला बोलव ना. तर म्हणाला, तिची जागा आहे, ती येईल."

मी क्रोशाचं झाकण उचललं, घडी केली आणि टेबलावर ठेवलं. दुसरं काय करावं ते सुचेना.

"जा," मॅडम म्हणाल्या. "एकची जयगड गाडी मिळेल. आणि ह्या खारी घेऊन जा, त्याला आवडतात."

गाडी निवळी फाट्यावरून वळली तेव्हा माझ्या मांडीवर पाच वह्या आणि खारीचा तेलकट पुडा होता. बाहेर काजूच्या बागा, जांभ्या दगडाच्या गडग्यांच्या बुटक्या भिंती, आणि मधेच पिकलेल्या काजूबोंडांचा आंबूस, तिखट वास. मी वाक्यं जुळवत होते. दहा वर्षांचं एक वाक्य. उतरेपर्यंत एकही नीट जुळलं नाही.

मंगेश दारातच होता. मॅडमनी फोन केला असणार. जरा जाड झाला होता, चष्मा लागला होता. माझ्या हातातल्या वह्या बघून म्हणाला, "पाचही आणल्यास?"

मी ओटीवर बसायच्या आधीच बोलून टाकलं. "मंगेश, माझ्यामुळे तुझं पुणं राहिलं. मी काकांना तसं सांगायला नको होतं."

तो खारीचा पुडा सोडत होता. थांबला. मग हसला. मला वाईट वाटावं इतकं मोकळं हसला.

"तुझ्या एका शब्दाने माझं आयुष्य अडलं असं वाटत होतं काय तुला? दहा वर्षं?" तो म्हणाला. "अगं, त्याच महिन्यात बाबांचा गुडघा गेला. बोटीवर पाय घसरला. पुण्याला कोण जाणार होतं?"

मी त्या दिवशी धक्क्यावर उभी होते, आणि मला या गुडघ्याचं काहीच माहीत नव्हतं.

"मग बोलला का नाहीस माझ्याशी?"

आता त्याचं हसू गेलं. त्याने खारी मोडली, पापुद्रे खाली पडले.

"कारण तू बाबांना सांगितलंस. मला नाही. तीन वर्षं माझ्याबरोबर बसलीस. एकदा मला नीट समोर बसवून सांगायचं होतंस, की मंग्या, हे होणार नाही, तू चित्रं दुसऱ्या कशासाठी तरी काढ. मी ऐकलं असतं की नाही माहीत नाही. पण तू येता-जाता टोमणे मारलेस आणि खरं बोललीस ते दुसऱ्याकडे."

हे खरं होतं. माझ्या दहा वर्षांच्या हिशेबात ही चूक कुठेच नव्हती.

"तुझी चित्रं चांगली होती," मी म्हटलं. "रेलिंगला हात लावावासा वाटायचा. तेही मी तुला सांगितलं नाही."

त्याने हातावरचा चुरा झटकला. मग म्हणाला, "ये, आत ये."

आतल्या खोलीत भिंतभर कागद होते. होड्यांचे आराखडे. आडवे छेद, उभे छेद, मापं. आजूबाजूच्या गावांतले होड्या बांधणारे आता त्याच्याकडे येतात, तो संगणकावर होडी काढून देतो, त्यावरून फायबरचा साचा बनतो. बंदरावरची नोकरी त्याने दोन वर्षांपूर्वी सोडली होती. त्याने काढलेल्या अकरा होड्या आज समोरच्या खाडीत होत्या. तो त्या खिडकीतून मला दाखवत गेला, रंगावरून ओळखून, शाळेतल्या मुलांची हजेरी घ्यावी तसा. त्यांतल्या प्रत्येकीचं माल चढवायचं दार जरा मोठं होतं.

टेबलावर नवं मशीन होतं. "आठवडाभर सगळ्यांसाठी उघडलंय," तो म्हणाला. "तारू. अर्धवटच आहे. चाचणी म्हणून. पण या मालवाहू जहाजाला तीन माणसं लागतात, आणि माझी बायको राजापूरला माहेरी गेलीये."

"मी इंजिनवर," मी म्हटलं.

"तू इंजिनवरच. सुकाणूवर कोण ते बघ."

काठी टेकत तांडेलकाका आत आले. केस पांढरे झाले होते, हात तेच होते. "काय गो बाय? किती वर्सांनी! जेवलंस काय?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता मधल्या खुर्चीत बसून त्यांनी जॉयस्टिक हातात घेतली. मंगेशने काल त्यांना शिकवलं होतं. माझ्यापुढे जुना लॅपटॉप ठेवला. इंजिनाचे चार आकडे बघायचे आणि लाल झाले की ओरडायचं, एवढंच माझं काम.

जहाज उचललं. धूळ उठली. या वेळी चित्र मधे थांबलं नाही. ढग आले, गेले, निळं काळं झालं. मी लॅपटॉपवरून मान वर करून बघत होते आणि माझा एक आकडा लाल झालेला मला कळलाच नाही.

"इंजिन!" मंगेश ओरडला.

"हो, हो!"

पुढे एक स्थानक होतं, चाकासारखं हळूहळू फिरणारं. तिथे जहाज लावायचं होतं. "मी कालपासून चार वेळा आदळलोय," मंगेश म्हणाला. स्थानक अजून लांब होतं तेव्हाच काकांनी इंजिन बंद केलं.

"बाबा, आत्ताच?"

"बोटीला ब्रेक असतो काय?" काका म्हणाले. "धक्का दिसला की इंजिन सोडायचं. मग ती आपली जाते."

आम्ही आवाज न करता सरकत राहिलो. मी वर्गात दर वर्षी फळ्यावर हेच लिहिते, बाहेरून बल लागत नाही तोवर वस्तू जात राहते. काकांना ते तळहाताने माहीत होतं. त्यांनी जॉयस्टिक बोटभर डावीकडे केली, थांबले, पुन्हा केसभर उजवीकडे. जहाज स्थानकाला असं लागलं की खट्ट असा आवाजसुद्धा आला नाही. मंगेश खुर्चीतून उठलाच.

मग त्याने बाहेर पडायचं बटण दाबलं, दार उघडलं, त्याचा खलाशी एक पाऊल पुढे टाकून सरळ जमिनीतून खाली गेला आणि अंतराळात गरगरत नाहीसा झाला.

आम्ही तिघंही पडद्याकडे वाकलो.

"तेरा वर्षं!" मी म्हटलं. "तेरा वर्षांत ह्यांना जमीन घालता आली नाही!"

"जागा झाला शंकासूर!" मंगेश टेबलावर हात आपटून हसत सुटला. मला डोळे पुसावे लागले. हसूनच, बहुतेक.

"पुरा होईल असं तुला वाटतं?" त्याने विचारलं. मला. समोर बसवून.

मी नीट विचार केला. "सांगितलंय तेवढा नाही होणार. पण जेवढा झालाय तेवढा होईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्यात मी चुकले."

"हे कुठल्या रकान्यात लिहू?"

"माझ्याच," मी म्हटलं.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. पुरुषाचा, कुठल्यातरी दूरच्या देशातला, जड उच्चारांचं इंग्रजी. शेजारी लागलेल्या जहाजातून तो सगळं बघत होता. इतकं सुंदर जहाज लावलेलं त्याने आजवर पाहिलं नव्हतं, असं म्हणत होता. कोण चालवतंय?

मंगेशने भाषांतर केलं. काकांनी मायक्रोफोनकडे तोंड नेलं आणि खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आमी जयगडचे! तुमी कुटचे?"

त्या माणसाने गावाचं नाव सांगितलं. आम्हा तिघांनाही ते कळलं नाही.

"मासा काय गावतो तिकडं? इचार त्याला."

मंगेशने विचारलं. मग तो माणूस जरा लाजल्यासारखा म्हणाला, की त्याचं गाव समुद्रापासून फार लांब आहे. त्याने समुद्र कधी पाहिलेला नाही.

काकांनी जॉयस्टिक सोडली. खिडकीबाहेर भरती चढत होती, अकराच्या अकरा होड्या नांगरावर हलत होत्या. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"अरेरे," ते म्हणाले. "त्याला सांग, ये म्हणावं. आता पावसात मासेमारीची बंदी लागंल. नारळी पुनवेनंतर ये. मी स्वता नेतो बोटीवर. मुंबैला उतरायचं, रत्नागिरीची गाडी धरायची, नि निवळी फाट्यावर उतरायचं. तिथनं जयगडला एसटी मिळते. सांग त्याला नीट, चुकंल नायतर."

मंगेशने चष्मा सावरला, माइक जवळ ओढला आणि निवळी फाट्याचं इंग्रजी करायला सुरुवात केली.